यांना तिखट सोसेनासं झालं तेव्हा

मैत्रिणींनो, आज यांना अकोल्याला दातांच्या डॉक्टरकडे नेलं. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही.

रोज ठेचा-भाकर खाणारा माझा नवरा दिवाळीपासून म्हणायचा, "तिखट कमी टाकत जाय, तोंडाची आग होते."

सासूबाई म्हणाल्या, "वऱ्हाडातला माणूस अन् मिरचीले भेते?" आम्ही हसलो. मी भाजीतली मिरची कमी केली.

आज तपासताना यांच्या तोंडात दोन बोटंही शिरेनात. डॉक्टर म्हणाले, "मिरचीचा दोष नाही. तंबाखूच्या खर्ऱ्यातल्या सुपारीनं तोंड आतून आवळत चाललंय, म्हणून तिखट झोंबतं. तेव्हाच यायचं होतं."

तुमच्या घरी कोणाला अचानक तिखट सोसेनासं झालंय का?

धुण्याआधी यांच्या खिशातली खर्ऱ्याची पुडी मी रोज काढून ठेवायचे आणि आठवणीनं परत द्यायचे. कमी केली ती फक्त मिरची.