कप्तानाची घागर

हसायचं तर हसा, पण आधी कप खाली ठेवा. मी एका जिवंत माणसाची घागर भरली.

त्याचं काय आहे, मला अमेरिकेतल्या दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसांच्या सह्या जमवायचा नाद. मोठ्यांच्या नाहीत हो, ज्यांना तिकडेही कोणी ओळखत नाही अशांच्या. एक पोस्टमास्तर आहे, एक शाळामास्तर. दुपारी जळगावचं ऊन दाराशी तापत असतं आणि मी एखादी सही मांडीवर घेऊन बसते.

यंदा नदीवरच्या बोटीचा एक कप्तान आला. पाकिटात छान जाड कागद, खाली तपकिरी शाईतली वळणदार सही. सोबत काहीतरी खरडलेलं एक मळकट चिटोरं, पॅकिंगचं असणार. सहीचं शेवटचं अक्षर लांब, संथ वाहत गेलेलं. बघता बघता आमची तापी रुंद व्हायची, धूर सोडत बोट यायची, कप्तान टोपी काढायचा.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसांच्या नावाने घागर भरतात. सासऱ्यांची भरताना वाटलं, कप्तानाला कोण पाणी देत असेल? शेजारी छोटी मातीची घागर मांडली. वर खरबूज, सांजोरी. डुगडुगायला लागली, म्हणून खाली ते चिटोरं घडी करून सरकवलं. हात जोडले.

आखाजीसाठी धुळ्याहून लेक आली होती. जेवता जेवता तिने तो जाड कागद वाचला. माझं इंग्रजी दहावीपुरतं.

"आई, ही कप्तानाची सही नाही. विकणाऱ्याने माल अस्सल असल्याची हमी दिलीय. ही त्याची सही."

"मग तो कधी वारला?"

"वारला कशाला? त्यानेच तर पार्सल पाठवलं."

सासूबाईंचा घास हातातच राहिला. "जित्ता शे तो? व माय, आन् तू त्यानी घागर भरी दिनी?"

मी आमरसाची वाटी बाजूला सारली. माणसाला काही झालं तर? लेकीकडून लगेच मेल करवली, तब्येत कशी आहे? तिकडे रात्र. मी फोन मांडीवर घेऊन बसले, सह्या बाजूलाच राहिल्या.

संध्याकाळी उत्तर आलं. "मी मजेत. सकाळपासून जरा सर्दी आहे, एवढंच."

"पानी पोचनं," सासूबाई म्हणाल्या.

खाली आणखी एक ओळ होती. "कप्तानाचा कागद मळका आहे, पण सही आवडली ना?"

मी घागर उचलली. पाझरून पाझरून खाली चिटोऱ्याचा लगदा झाला होता.

"काय कळवू?" लेकीने विचारलं.

"कळव," म्हटलं, "कप्तान सध्या पाण्यात आहेत."