मांडीखालची वही

सीमेवरच्या आमच्या गावात ग्रामसभा म्हणजे सह्यांची वही. ती पंचायतीच्या दारातच ठेवलेली असायची. आलं, सही केली, चहा घेतला, निघालं. मीही तेच करायचो आणि वर्षभर नळाला पाणी न्हाई म्हणून पंचायतीला शिव्या घालायचो.

गेल्या वर्षी शेजारच्या अक्कांनी ती वही उचलली आणि मांडीखाली घेऊन सतरंजीवर बसल्या. “आधी बोलणं होऊ द्या. सही मागून.”

मी तडकलो. “अक्का, कामून खोळंबा करायलाव? मला शेताला जायचंय.”

“जा की. कोण धरलंय? पर सही न्हाई.”

रागारागानं बसलो. तासाभरानं आमच्या गल्लीच्या नळाचा विषय निघाला. सभेला तालुक्याहून आलेल्या साहेबांनी कन्नडमधून विचारलं, त्रास कुणाला आहे? वर्षभर तोंड चालवणारा मी उभा राहिलो. अर्धं कन्नड, अर्धं मराठी बोललो. साहेबांनी ते लिहून घेतलं. महिन्याभरात नळाला पाणी आलं.

यंदा सभेदिवशी अक्का लेकीकडं गेल्या होत्या. दारात एकजण घाईघाईनं वही शोधायला लागला.

ती माझ्या मांडीखाली होती.