एकाच रक्तगटाचं स्थळ

कोथरूडच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवायचे. आनुवंशिकतेच्या धड्यात पैकीच्या पैकी मार्क मिळवणारी मुलं पुढे आयटीत जात आणि लग्नाची वेळ आली की आईबाप सांगतील ते विज्ञान मानत.

माझ्या भाचीचं लग्न ठरल्यात जमा होतं. मुलगा सॉफ्टवेअरमधला, पसंती दोन्हीकडून, पत्रिकाही जुळलेली. मग मुलाच्या वडिलांनी मला फोन केला, कारण स्थळ मी सुचवलं होतं. दोघांचाही रक्तगट बी पॉझिटिव्ह निघाला होता.

"एकाच गटाच्या जोडप्याची मुलं सदोष निघतात, ताई. आम्ही सायन्स मानणारी माणसं."

"कुठलं सायन्स? आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर जपावं लागतं, त्यावरही इंजेक्शन आहे. गट एकच असल्याने काही होत नाही. तुमचा आणि वहिनींचा कोणता?"

"बीच. दोघांचाही. पण आमच्या वेळी कोण बघत होतं?"

"मग मुलगा आधी तपासून घ्या," मी म्हटलं. त्यांनी फोन ठेवला.

संध्याकाळी बहिणीकडे गेले, तर भाऊजींनी तोडगा काढून ठेवला होता: त्यांच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. "मामाची मुलगी करायची आमच्यात पद्धतच आहे. घरचं स्थळ, आणि गटही वेगळा, ओ पॉझिटिव्ह." भाऊजी स्वतः इंजिनिअर.

"गट वेगळा असून उपयोग काय? दोघांचे आजी-आजोबा एकच. त्यांच्यातला एखादा लपलेला दोष दोघांकडेही आला असेल, तर तो मुलात उघड होऊ शकतो."

"आमच्यात पिढ्यान् पिढ्या होतंय."

"तुमच्या काकांनीही मामाची मुलगीच केली. त्यांची दोन्ही मुलं जन्मतः बहिरी आहेत."

"ते नशीब हो."

म्हणजे परक्याचा रक्तगट हे विज्ञान आणि घरातलं बहिरेपण हे नशीब.

भाची ऐकत होती. तिने उठून त्या सॉफ्टवेअरमधल्या मुलाला फोन लावला. "तुला काय वाटतं?" एवढंच विचारलं. पलीकडे तो बराच वेळ बोलत होता.

"बाबांना पटलं तर कळवतो म्हणाला," फोन ठेवून ती म्हणाली. "कळवू नकोस म्हटलं." मग वडिलांकडे वळली. "बाबा, आत्यालाही नाही म्हणून सांगा. आत्ताच."

भाऊजींनी नंबर फिरवला आणि बहिणीशी उकाड्याबद्दल बोलत राहिले. भाची समोरून हलली नाही.