उलटे आकडे

"छ्या! किळस येती," म्हणून तोंड वाकडं करायचं आणि परीक्षानळी पुन्हा बेसिनात टाकायची, ही आमच्या प्रयोगशाळेतल्या मामांची सवय. विद्यार्थ्यांनी धुतलेली एकही नळी त्यांना कधी पसंत पडली नाही. "सर, ह्यात कालचं ॲसिड हाय. पोरांना खरं काय कळणार?"

तुमच्याही कॉलेजात असा एखादा मामा असेल. आमचे कोल्हापूरचे मामा दहावी नापास. मी रसायनशास्त्राचा प्राध्यापक. पण हायपोचा प्रयोग नीट करायला शिकलो तो त्यांच्याकडून. कागदावर काळी फुली काढायची, तिच्यावर हायपोच्या द्रावणाचं चंचुपात्र ठेवायचं, त्यात ॲसिड ओतायचं. द्रावण गढूळ होतं, फुली दिसेनाशी होते. किती सेकंदांत, ते मोजायचं.

"कोमट करा, लगेच जाती. पाणी वाढवा, रेंगाळती. बघा की!" त्या उग्र वासानं खोकत खोकत ते हसायचे.

पुढं मुलं क्लासला जाऊ लागली, प्रयोगाला कुणी येईना. तरी प्रात्यक्षिक परीक्षेदिवशी मामांनी सकाळीच तीस जणांची द्रावणं मांडली, पाणी तापवलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांना तांबडा-पांढरा खायला जायची घाई. "आकडे सांगून टाका हो," ते म्हणाले. मी सांगितले. मुलांनी उतरवले. अर्ध्या तासात सगळ्यांना पूर्ण गुण.

मामांनी वरचीच उत्तरपत्रिका उचलली. "सर, गरम केल्यावर जास्त वेळ लागतोय व्हय?"

घाईत मी आकडे उलटे सांगितले होते. तिसांनी तसेच लिहिले. एकालाही खटकलं नव्हतं, तपासणाऱ्यालाही नाही.

"राहू द्या मामा. गुण पडलेत."

ते बेसिनात थुंकले. मग मांडलेली द्रावणं एकेक करून ओतू लागले. बाहेर परीक्षक हॉर्न वाजवत होते. मी गेलो. दोन वाट्या रस्सा प्यालो. त्याची आजही शिसारी येते.

त्यानंतर निवृत्तीपर्यंत मामा माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. स्वतःच्या निरोप समारंभालाही आले नाहीत. शाल घेऊन मीच कळंब्याला त्यांच्या घरी गेलो. ते म्हशीला वैरण टाकत होते. अठरा वर्षं एका खोलीत काम केलेल्या माझ्याकडं त्यांनी मान वर करून नीट पाहिलं.

"या पावणं," ते म्हणाले. "कुणाकडं आलायसा?"