त्यांच्या वाटचा घोट

आमचे हे कामावरून आले की मी दारातच त्यांच्या हातातली डब्याची पिशवी घेते. शेजारणींना वाटतं, काय बाई प्रेम! प्रेमबिम काही नाही. पिशवी घ्यायला थोडं पुढे वाकावं लागतं, आणि वाकलं की समोरच्याच्या तोंडाचा वास येतो. तेवढ्यासाठी घेते. त्यांनाही ते माहीत आहे. ते पिशवी देतात आणि क्षणभर तसेच उभे राहतात.

काही वर्षांपूर्वी त्यांचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते, पोट फुगलं होतं. पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "आता एक घोटसुद्धा नको. पुन्हा सुरू झालं तर इथे आणूनही उपयोग होणार नाही." तेव्हापासून ते प्यायलेले नाहीत, आणि तेव्हापासून मी भिऊन असते. ते पीत होते तेव्हा मी चिडायचे, भांडायचे, भांडी आपटायचे. भीती अशी कधी वाटली नव्हती. ती दारू सुटल्यावर आली.

दवाखान्यातून आल्यावर आम्ही दापोडी सोडली. तिथे आमची कथा गल्लीतल्या कुत्र्यांनासुद्धा पाठ होती. दिघीत खोली घेतली, तिथे आम्हाला कुणी ओळखत नव्हतं. हे भोसरीत लेथ मशीनवर कामाला जातात, मी चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या वायरिंगची तपासणी करते. कंपनीत मी कुणालाच काही सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. मराठवाड्यातून आलो, दोघं कमावतो, गुण्यागोविंदाने राहतो, एवढीच आमची माहिती बाहेर होती, आणि तेवढीच मला बाहेर ठेवायची होती.

गेल्या हिवाळ्यात आमच्या लाइनच्या मालाबद्दल बरेच दिवस एकही तक्रार आली नाही, म्हणून कंपनीने सगळ्यांना घरच्यांसह सहलीला न्यायचं ठरवलं. एरवी सहल म्हणजे वॉटरपार्क असायचा, नाहीतर लोणावळा. या वेळी नव्या एचआर मॅडमनी धरणाच्या पाण्यातलं एक बेट शोधून काढलं होतं. द्राक्षाची बाग, बोटीतून जायचं, जेवण तिथेच. मी यांना म्हटलं, "चला की. कधीपासून कुठं गेलोच नाही आपण." ते नको नको म्हणत होते, पण शेवटी इस्त्रीचा शर्ट घालून निघाले.

बस मोशीच्या पुढे गेल्यावर आमच्या कंपनीत माल उचलायची गाडी चालवणारा फोर्कलिफ्टवाला मागच्या सीटवरून ओरडला, "दाजी, आज मजा हाय राव! वायनरी हाय ती, द्राक्षाच्या दारूची. समदी चव घ्यायला देत्यात, फुकाट!" तो चाकणजवळच्या जुन्या गावातला. मला ताई म्हणतो, म्हणून हे त्याचे दाजी. सोबत त्याने आपल्या आईलाही आणलं होतं.

पोहे वाटत होते, ते मी तसेच पिशवीत ठेवले. यांच्याकडे बघितलं, तर ते खिडकीबाहेर बघत होते.

"अहो, उतरायचं का आपण? डोकं दुखतंय म्हणून सांगते."

"कशाला? आता उतरलो तर सगळे विचारतील. आपण बोट बघू, बाग बघू, जेवू." इतक्या शांतपणे म्हणाले की मी आणखीच घाबरले. दारू पिणाऱ्या माणसाच्या घरात राहिलेल्या बाईला विचारा. आरडाओरडा परवडला, हा शांतपणा नको.

बोट रुंद होती, वर पत्रा. ओलसर वासाची नारिंगी जाकिटं सगळ्यांना घालायला दिली. फोर्कलिफ्टवाल्याची आई पाण्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हितं खाली माज्या मामाचं गाव हाय. धरण झालं तवा बुडालं. हे बेट म्हंजी त्याची टेकडी." एरवी मी पाण्याला भिते. पण त्या दिवशी खाली गाव आहे की आणखी काय, माझं लक्षच नव्हतं. मी समोरून जवळ येणाऱ्या त्या टेकडीकडे बघत होते आणि मनातल्या मनात आमच्या गावच्या देवीला नारळ बोलत होते.

बाग छान होती, खोटं कशाला बोलू. तारांवर चढवलेल्या वेलींच्या ओळी थेट पाण्यापर्यंत उतरलेल्या, आणि बारीक बारीक काळे घड. मग बाग दाखवणारा माणूस आम्हाला एका मोठ्या शेडमध्ये घेऊन गेला. आत स्टीलच्या उंच टाक्या. दार उघडलं आणि आतला आंबूस वास अंगावर आला, तशी मी जागीच थांबले. हा आमच्या दापोडीच्या खोलीतला वास होता. उशीला येणारा, कितीही धुतलं तरी न जाणारा. दारूची जात वेगळी असेल, किंमत वेगळी असेल, पण वास सख्खा भाऊच. यांनीही तो ओळखला. त्यांच्या गळ्यातली घाटी खाली-वर झालेली मी बघितली.

चव घ्यायला एका लांब टेबलाशी बसवलं. प्रत्येकापुढे दांडीचा ग्लास. तो माणूस एकेक प्रकार ओतत होता, खोकल्याच्या औषधाच्या टोपणाएवढाच. ग्लास असा धरा, असा फिरवा, वास घ्या, घोट तोंडात घोळवा. "आणि गिळायची नसेल तर यात थुंका," असं म्हणून त्याने टेबलाच्या पार टोकाला ठेवलेलं मडकं दाखवलं.

"पाव्हण्याच्या घरात थुकायचं व्हय?" फोर्कलिफ्टवाला म्हणाला. "आमच्यात न्हाई चालत राव असलं."

सगळे हसले, आणि मडक्याकडे कुणीच गेलं नाही. आमच्या लोकांत दिलेलं थुंकत नाहीत, पानात टाकत नाहीत. म्हातारीने तर कमालच केली. ग्लास बाजूला सारून तिने तीर्थ घ्यायला करतात तसा उजवा तळहात खोलगट करून पुढे केला. त्या माणसाने बिचकत चार थेंब ओतले. तिने ते ओठांना लावले, ओला हात डोक्यावरून फिरवला आणि तोंड वाकडं करून म्हणाली, "आंबलंय की रं हे!" टेबल खदखदून हसलं. मीही हसले असेन. माझं लक्ष यांच्या हाताकडे होतं.

यांनी ग्लास उचलला. दांडीला बरोबर धरून फिरवला. नाकाशी नेला आणि डोळे मिटले.

"अहो."

"नुसता वास घ्यायलोय."

"ठेवा तो खाली."

त्यांनी ठेवला, पण बोटं दांडीवरून निघेनात. तेवढ्यात दुसरी बाटली घेऊन तो माणूस आमच्यापाशी येऊन उभा राहिला. "सर, तुमचा ग्लास रिकामा झाला की पुढची देतो." सगळ्यांची तोंडं आमच्याकडे वळली. "काय दाजी, घेत न्हाई का?" आता काय करायचं? उठून मडक्यात ओतावं तर सगळ्यांच्या देखत यजमानाने दिलेलं फेकणं झालं, आणि लगेच 'का, का' सुरू. घेत नाहीत म्हणावं तरी 'का'. आमच्याकडे पुरुषमाणूस फुकटची नको म्हणाला की लोकांना एकच कारण सुचतं, आणि दुर्दैवाने आमच्या बाबतीत ते खरं होतं. ग्लास तसाच पुढ्यात ठेवावा, तर ती बोटं तिथेच होती.

मी त्यांच्या बोटांतून ग्लास ओढून घेतला आणि एका दमात प्यायले. आंबट, तुरट, घशाला चरचरणारं काहीतरी. मग माझाही प्यायले, कारण तोही त्यांच्या हातापासून लांब नव्हता.

"आयला, ताई!" फोर्कलिफ्टवाल्याने टाळी वाजवली.

"यांना पित्त आहे," मी म्हटलं. "यांच्या वाटचं मीच घेते."

आणि मग मी घेतच राहिले. गुलाबी आली, तांबडी आली, आणखी एक गडद तांबडी आली. ती ओतली रे ओतली की मी आधी त्यांचा ग्लास रिकामा करायचे, मग माझा. मी जन्मात कधी थेंब घेतला नव्हता. मला वाटत होतं, टोपणभर तर आहे. सकाळपासून पोटात काही नाही हे डोक्यातच नव्हतं. माझा सगळा जीव एका हिशेबात होता, त्यांच्या पुढ्यात काही उरता कामा नये. हे मला हळूच म्हणाले, "अगं, बास कर. मी घेणार नाही." पण हे वाक्य मी पूर्वी इतक्या वेळा ऐकलं होतं की माझा त्याच्यावर काडीचा विश्वास नव्हता.

शेवटी एक गोड आली. मनुका भिजवलेल्या पाण्यासारखी, दाट. ती घशातून उतरली आणि छातीतली सकाळपासूनची धडधड एकदम थांबली. कित्येक वर्षांत मला इतकं निवांत वाटलं नव्हतं. मी ग्लास पुढे करून म्हटलं, "अजून आहे का हो?"

त्यापुढचं मला सलग आठवत नाही. जेवणाच्या टेबलावर मी मोठमोठ्याने हसत होते एवढं आठवतं. बोटीत चढताना पाय कुठे ठेवायचा ते कळत नव्हतं. हे माझ्यासमोर गुडघ्यावर बसून माझ्या जाकिटाचा पट्टा आवळत होते, आणि मला तो नको होता, मी त्यांचे हात झटकत होते. मग मी त्यांना काहीतरी बोलले, मोठ्याने. काय ते आठवत नाही. पण त्यानंतरची शांतता आठवते. बोटीत नुसता इंजिनाचा आवाज राहिला होता. म्हातारी तोंड फिरवून पाण्याकडे बघत होती, आणि तिच्या मुलाच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. यांनी रुमाल पाण्यात बुडवला, पिळला आणि माझं तोंड पुसलं. बसमध्ये मला खिडकीशी बसवून मांडीवर प्लास्टिकची पिशवी उघडून धरली. मी त्यांना दापोडीच्या रिक्षांतून घरी न्यायचे तेव्हा अगदी अशीच धरायचे.

सकाळी उठले तेव्हा उशाशी लिंबूपाणी होतं. हे चहा करत होते. मी धीर करून विचारलं, "काल मी काय बोलले?"

"काही नाही," ते म्हणाले.

दापोडीला असताना रोज सकाळी ते मला हेच विचारायचे, आणि मी दरवेळी हेच उत्तर द्यायचे. त्यांनी मला काय काय म्हटलेलं असायचं, माझ्या आईबापाचा कसा उद्धार केलेला असायचा, ते सगळं गिळून मी म्हणायचे, काही नाही. ते एकदाही खरं नव्हतं.

तशीच कामाला गेले. वाटलं होतं, आज माझी चांगलीच टिंगल होणार. त्यासाठी उत्तरंही तयार ठेवली होती. पण कुणी चकार शब्द काढला नाही. लाइनवरच्या बायका नको तितक्या गोड बोलत होत्या. दगडालाही चिडवेल असा तो फोर्कलिफ्टवाला चहाच्या सुट्टीत माझ्याजवळ आला, माझ्या हातात कप दिला आणि खाली बघत म्हणाला, "बरं हाय ना ताई? दाजींना सांभाळा." मला जे काही कळायचं होतं ते कळलं. जी मूठ झाकण्यासाठी मी ते ग्लास रिकामे केले होते, ती मी स्वतःच बोटीत सगळ्यांसमोर उघडली होती. त्यांनी त्या बेटावर थेंबही घेतला नाही, आणि तरी त्यांची अब्रू गेली, माझ्या तोंडून गेली. मला इतकी लाज वाटली की मी कप घेऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. आणि त्या लाजेतच, कप हातात असताना, जिभेवर ती गोड चव आली. छातीतली धडधड थांबवणारी. क्षणभरच आली, पण मी ती ओळखली.

त्या रात्रीपासून यांना रात्रपाळी होती, त्यामुळे दुपारी ते घरीच होते. कंपनीच्या बसमधून उतरून मी जिना चढले. मी बेल वाजवायच्या आधीच दार उघडलं. ते उंबऱ्यात उभे होते, झोपेतून उठल्यासारखे केस विस्कटलेले. त्यांनी हात पुढे केला आणि माझ्या खांद्यावरची डब्याची पिशवी घेतली. घेताना थोडे वाकले. त्यांचा चेहरा माझ्या तोंडाजवळ आला आणि तिथेच थांबला.

मी काही प्यायले नव्हते. तरी मी श्वास रोखून धरला.