दोन सीटमधला प्लग

अडॅप्टर तापल्याचा वास आला की मला माझा पहिला विमानप्रवास आठवतो. अंबरनाथ एमआयडीसीतल्या आमच्या कंपनीने मला जर्मनीला पाठवलं होतं, आणि उतरल्याबरोबर दाखवायच्या मशीनच्या ड्रॉइंगमध्ये एक चूक राहिली होती. डिझाइनच्या जाडजूड लॅपटॉपची बॅटरी संपत आली होती. दोन सीटमधल्या सॉकेटला तो लावला की हिरवा दिवा मिनिटभर लागायचा आणि विझायचा. शेजारी उल्हासनगर कॅम्प एकच्या सिंधी मावशी होत्या. नवऱ्याच्या मागे त्या इन्व्हर्टरचं दुकान चालवायच्या. म्हणाल्या, “लोड जास्ती होतोय, बेटा. लॅपटॉप पण चालतो, बॅटरी पण चार्ज होते. बॅटरी काढून टाक ना.” लॅपटॉप बंद करून बॅटरी काढली, परत चालू केला, तर दिवा टिकला. पण प्लग ढिला होता, निसटला की सगळंच बंद. मावशींनी तो हाताने दाबून धरला. जेवण आलं तरी हात काढला नाही. “पहले सेव्ह कर,” एवढंच म्हणाल्या. पाऊण तासात ड्रॉइंग दुरुस्त झालं, तेव्हा त्यांचं जेवण गार झालेलं होतं. उतरताना गर्दीत त्या दिसेनाशा झाल्या आणि दुकानाचं नाव विचारायचं राहून गेलं. आता कॅम्प एकमधून जाताना इन्व्हर्टरचं दुकान दिसलं की काउंटरवर कोण बसलंय ते मी थांबून बघतो.