बांबूचं दुसरं टोक

कोणी प्रश्न विचारला, की बाबाराव मिस्तरी बोलून उत्तर देत नसत. बांबूचं एक टोक विचारणाऱ्याच्या हाती देत, दुसरं स्वतः धरत आणि म्हणत, "चाल."

साठ-एकसष्टची गोष्ट. दिग्रसला आमच्या घरासमोरच्या कडुनिंबाखाली त्यांचं मोटारदुरुस्तीचं दुकान होतं. विद्या फौजेत शिकलेले. माझे वडील डॉक्टर. त्यांची जुनी मोटार दुसऱ्या कोणाच्या हाती जात नसे. मी एकोणीस वर्षांची, नागपूरहून इंटर सायन्स पास होऊन आलेली. त्या वर्षी मला ठाऊक नाही असं जगात काही उरलंच नव्हतं.

पावसाळ्यात मोटार काळ्या मातीत फसे. मागचं एक चाक गरगर फिरे, दुसरं ढिम्म. तिकडे रोगी ताटकळत. मी पुस्तकात वाचलं, की दोन चाकांमधल्या लोखंडी गोळ्यातली दातेरी चक्रं चाकांना वेगवेगळं फिरू देतात, म्हणून हे होतं. मग ती चक्रंच जोडून टाका, मी मिस्तरींना फर्मावलं.

त्यांनी बांबू दिला. कडुनिंबाभोवती ते आतून सावकाश चालले, मी बाहेरून पदर सावरत पळाले.

"वळणावर भायेरच्या चाकाले जास्त चालाव लागते, बाई. दोघायले जखडलं तं चाकाचा दांडा तुटन. फौजेत खटक्याच्या गाड्या होत्या. चिखलात खटका ओढा, दोन्ही चाकं एक. सडकेवर सोडा, मोकळी. आपल्या गाडीले खटका नाही."

शहाणी मुलगी इथे गप्प बसली असती. मी म्हणाले, बाबांनीच सांगितलंय. धडधडीत खोटं. डॉक्टरांचा निरोप म्हटल्यावर मिस्तरींनी चक्रं वेल्डिंगने जोडून टाकली.

आठ दिवस मोटार चिखलातून रणगाड्यासारखी निघाली आणि मी ऐटीत फिरले. नवव्या दिवशी पुसदच्या सडकेवर, वळणावर दांडा तुटला. आत तापाने फणफणलेलं लेकरू होतं. बैलगाडीने दवाखान्यात पोचलं, वाचलं. बाबांनी भर दुकानात मिस्तरींना नाही नाही ते सुनावलं. गाडी पुन्हा इथे येणार नाही म्हणाले. मिस्तरींनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

"वेल्डिंग म्याच केलं, डॉक्टरसाहेब," एवढंच बोलले.

इंटर पास मुलीला तोंड उघडायला दोन दिवस लागले. मग बाबा मला पुढे घालून दुकानात गेले आणि हात जोडून उभे राहिले. मिस्तरी रागावले नाहीत. माझ्या हाती पाना दिला. कोपरापर्यंत ग्रीस माखून मी तो गोळा उघडला, नवी चक्रं बसवली. तेव्हा त्यांनी सांगितलं, की एक चाक गरगरलं तर इंजिनाला जोर देतच ब्रेक हलकासा दाबायचा. फिरणाऱ्याला जड गेलं, की जोर थांबलेल्याकडे वळतो.

हे आधी का नाही सांगितलं, मी फणकाऱ्याने विचारलं.

"तू इचारलं कुठं, बाई? तू तं सांगून राह्यली होती."

पुढे गाडी चालवायलाही त्यांनीच शिकवलं. ते गेल्याचं कळलं तेव्हा मी पुसदला संसारात होते. एकटीच मोटार घेऊन दिग्रसला निघाले. वाटेत चिखल लागला, चाक गरगरलं. शेतातले गडी धक्का द्यायला धावले. मी त्यांना थांबवलं, ब्रेकवर पाय नुसता टेकवला. थांबलेलं चाक हललं.

पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. बांबू कडुनिंबाला टेकून उभा होता. कोणाचं लक्ष नाही असं पाहून मी त्याचं एक टोक धरलं आणि झाडाभोवती एक फेरी घातली. आतून, सावकाश.